खंदकाचं पाणी

जॅमच्या बाटलीच्या गळ्याला सुतळी,
सुतळी सायकलच्या हँडलला,
बाटलीत पारोळ्याच्या किल्ल्याच्या खंदकाचं पाणी,
हिरवट, एक सडकं पान असलेलं.
"मॅडमले घान पानीच लागस,"
सुपडूभाऊ चहावाल्याला सांगतो, आणि दोघे हसतात.

चार दिवसांपूर्वी त्यानं कडबा उकळून निववून ठेवलाय.
दादरचाच हवा, हा त्याचा हट्ट.
त्यात या पाण्याचे दोन चमचे.
वर साय धरली की समजायचं, खाली वस्ती झाली.

पॅरामेशियम.
पुस्तक म्हणतं, चपलेच्या तळव्यासारखं.
सुपडूभाऊ म्हणतो, काकडीच्या बीसारखं,
आणि त्याचंच खरं.

सरळ ते कधी जात नाही.
अंगभर केस, वाऱ्यानं गहू लवावा तसे लवणारे,
स्वतःभोवती गिरक्या घेत पुढे.
कापसाचा तंतू आडवा आला की थडकतं,
मागे सरतं, जरासं वळतं,
पुन्हा येतं. पुन्हा थडकतं.
(कापूस मीच टाकते, नाहीतर फार पळतात.
आमच्याकडे कापसाला काय तोटा!)

तोंड म्हणजे कुशीतली खोबण.
बॅक्टेरिया तिकडे लोटले जातात,
प्रत्येक घासाला आत आपापली पिशवी,
ती हिंडते अंगभर, विरत, लहान होत.
पोट एका जागी नाहीच.

आणि दोन टोकांना दोन चांदण्या,
भरतात, मिटतात, भरतात.
बाहेरचं पाणी सारखं आत झिरपतं,
ते उपसत राहावं लागतं, नाहीतर फुटेल.
मार्च लागलेला. गावात नळ बारा दिवसांनी.
मागच्या बाकावरून हर्षाली विचारते,
"मॅडम, पाणी जास्त झालं म्हणून मरतं का कुणी?"

परीक्षा संपल्यावरची एक दुपार.
मी स्लाइड सहज लावली होती,
आणि एकाची कंबर आवळत चाललेली,
दोरा बांधून कुणी हळूहळू ओढावा तशी.
सुपडूभाऊ बेसिनवर काचा धूत होता.
हाक मारली. चष्मा काढून त्यानं डोळा लावला.
वीस मिनिटं. नळ तसाच ठिबकत.

"तुटनं," तो म्हणाला.
मग, "माय कोनती?"
कुठलीच नाही.
"मंग मरनं कोन?"
कुणीच नाही, भाऊ.

त्यानं डोळा काढला नाही.

त्याच्या आधी तीन झाले, तीन गेले.
चौथ्याला आत्यानं सुपात घालून
उकिरड्यापर्यंत ओढत नेलं,
म्हणजे ज्याला न्यायचं त्याला वाटावं
हे तर पाखडून टाकलेलं.
म्हणून सुपडू. रेशनकार्डावर, सेवापुस्तकात,
पगाराच्या पावतीवर.

मी त्याला अर्धंच सांगितलं होतं.
फुटत फुटत हेही थकतात,
शेकडो पिढ्यांनी जुने होतात.
मग दोघं कुशीला कूस लावून चिकटतात तासन्‌तास,
केंद्रकाचा एकेक वाटा देतात, घेतात,
सुटतात. मूल होत नाही.
तेच दोघं, आतून नवे.
हे सांगायचं राहिलं, की मीच राहू दिलं,
आता आठवत नाही.
खिडकीतल्या उन्हानं एक बरणी अख्खी मेली होती
हेही त्याला ठाऊकच होतं.
ती त्यानंच धुतली होती.

सुटी लागली. प्रयोगशाळेला कुलूप.
शेचाळीस डिग्रीत बरणी कुठे ठेवायची
हे कुणी विचारलं नाही, मीही नाही.

जूनमध्ये कळलं. ती त्याच्या घरी होती,
रांजणाखालच्या ओल्या वाळूत, मानेपर्यंत पुरलेली.
आठवड्याला उकडलेल्या गव्हाचा एक दाणा.
वहिनींनी दोनदा ओतायला काढली, म्हणून
वहीच्या पानाची चिठ्ठी, डिंकानं डकवलेली,
प्रयोगशाळेतल्या बाटल्यांसारखी, खाली तारीखसुद्धा:

जीव शे.
फेकू नये.